कोरड्या बर्फाचा तास

“देणार आहेस की नाही, एवढंच सांग ना ताई! भाषण नको!”

“भाषण वाटतंय तुला? मग जा, दुकानातून घे. मिळाला तर मलापण आण अर्धा किलो.”

कोल्ड स्टोरेजच्या मागच्या दारात, सकाळी सात वाजता, बहीणभाऊ असे तावातावाने भांडत होते की ट्रकमध्ये खोकी चढवणारे दोन हमाल काम सोडून बघत उभे राहिले. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

ताई इथली मुकादम. कोपरापर्यंत जाड हातमोजे, डोक्याला कानटोपी, आणि बोलताना तोंडातून भसाभसा वाफ. समोर तिचा धाकटा भाऊ. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश मारलेले बूट, आणि चेहरा असा की जणू कोणीतरी त्याच्या पायावर खोका टाकलाय. हा शाळेत मास्तर. पाचवीला विज्ञान शिकवायचा. तीन वर्षं शिकवत होता, पण अजून तात्पुरताच. दर उन्हाळ्यात त्याला एक कागद यायचा की तुमची मुदत संपली, आणि सुट्टी संपली की दुसरा यायचा की या परत. यंदा तसं नव्हतं. यंदा जागा एकच होती आणि कायमची होती, आणि आज त्याचा तास बघायला वरून साहेब येणार होते. साहेबांनी वहीत बरं लिहिलं तर मास्तर कायम. नाही लिहिलं तर दुसरा कागद येणारच नाही, असं शाळेच्या मोठ्या बाईंनी त्याला तोंडावर सांगून टाकलं होतं.

आणि धडा कुठला, तर पदार्थाच्या अवस्था. स्थायू, द्रव, वायू. बर्फ वितळतो, पाण्याची वाफ होते, झाकणावर थेंब जमतात, घंटा वाजते, मुलं पळतात. साहेबांनी हे इतक्यांदा बघितलं असणार की झोपेतसुद्धा वहीत खुणा करतील. मास्तरला त्यांना जागं ठेवायचं होतं. त्यात शाळेत जाळ लावायला बंदी. दोन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी हातून पडदा पेटला होता, तेव्हापासून स्पिरिटचा दिवा मोठ्या बाईंच्या कपाटात कुलपात. मास्तरने विचार केला, गरम करू देत नाहीत ना, मग गार करू. गार करायला कुठे बंदी आहे?

“हा साधा बर्फ नाहीये,” ताई म्हणाली. “ह्याचं पाणी होत नाही. थेट वायू होतो.”

“मला सांगतेस? मी विज्ञान शिकवतो, ताई.”

“म्हणूनच भीती वाटते. ए दात्या, इकडे ये रे जरा. दाखव ह्याला.”

त्या दोन हमालांपैकी एक जण पुढे आला आणि त्याने आ केला. समोरचे वरचे दोन दात गायब.

“गंमत म्हणून बाटलीत खडा टाकला, झाकण लावलं,” दात्या म्हणाला, आणि दात नसल्यामुळे ‘झाकण’ म्हणताना त्याची शिट्टी वाजली. “बाटली फुगली. मी म्हटलं उघडावं. झाकणच तोंडावर बसलं. नशीब डोळा नाही गेला.”

“बंद केलेल्या बाटलीला हात लावायचा नाही,” ताई म्हणाली. “उघडायला जायचं नाही, उचलायची नाही. लांब पळायचं. आणि हे नुसत्या हाताने धरायचं नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या...”

“झालं? निघू का? का परीक्षा घेणार आहेस?”

ताईने थर्माकोलची पेटी त्याच्या हातात अशी आदळली की त्याचा तोल गेला. वर चिमटा ठेवला, हातमोज्यांचा एक जोड ठेवला. मग त्याच्या शर्टाची कॉलर उगाचच नीट केली.

“भाऊराया,” ती म्हणाली, “साहेबांवर नको हं ओरडूस. मुलांवरपण नको.”

“मी कुठे ओरडतो!” मास्तर ओरडला.

मुलं त्याला पाठीमागे ‘उकळी सर’ म्हणायची. हे त्याला माहीत होतं, पण माहीत नसल्यासारखं तो दाखवायचा.

*

मागच्या आठवड्यात त्याने वर्गात एक स्पर्धा घेतली होती. प्रत्येकाला साध्या बर्फाचा एक मुठीएवढा खडा. कोणाचा जास्त वेळ टिकतो ते बघायचं. कुठल्याशा कंपनीने शाळेला रुंद तोंडाच्या स्टीलच्या बाटल्या भेट दिल्या होत्या, सगळ्या एकसारख्या, त्यात बर्फ ठेवायचा आणि दप्तरात ठेवून द्यायचं. मास्तरने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: बाहेरची ऊब आत जाता कामा नये. आणि तोंडाने वर सांगितलं होतं, झाकण घट्ट लावा, इतकं घट्ट की हवासुद्धा जाणार नाही.

कोणी बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळलं, कोणी मोजे. पहिला आला वकील. हा वकील म्हणजे कोण, तर दहा वर्षांचा एक पोरगा, जो शिक्षा होण्याआधी शिक्षकांना तीन प्रश्न विचारायचा. त्याचा बर्फ चार तास दहा मिनिटं टिकला. दुसरी आली गोटी. गोटी म्हणजे वर्गातली सगळ्यात बुटकी पोरगी, पण काचेची गोटी फरशीवर आपटावी तशी टणाटण. तिने बाटलीवर लोकरीची टोपी चढवली होती. ती दहा मिनिटांनी हरली. हरली आणि भडकली.

“सर, त्याचा खडा मोठा होता! मी बघितलंय!”

“हरलीस म्हणजे हरलीस! रडगाणं नको माझ्यासमोर!” मास्तर असा खेकसला की शेजारच्या वर्गातला पाढा मधेच थांबला. गोटी रडली नाही. तिने नुसतं ओठ आवळून वकिलाकडे बघितलं आणि खाली बसली. मास्तरला वाटलं, विषय संपला.

*

साहेब बरोबर साडेनऊला आले. बारीक माणूस, खिशाला दोन पेनं, हातात निळी वही. ते सगळ्यात मागे जाऊन बसले. तिथे भिंतीला दप्तरं ठेवायची लाकडी मांडणी होती, चौकोनी चौकोनी खण पाडलेली. साहेबांनी खुर्ची तिला टेकवली, एक कोपर मांडणीवर ठेवलं आणि मान डोलावली. म्हणजे करा सुरू. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांना बघितलं की मुलांचे पाय आपोआप जुळायचे. त्या दोन मिनिटं थांबल्या आणि गेल्या.

मास्तरने खेळाने सुरुवात केली. हा खेळ त्याने स्वतः काढला होता, आणि खोटं कशाला बोला, खेळ झकास होता. मुलं म्हणजे पदार्थाचे कण. तो “स्थायू!” म्हणाला की सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून एकत्र चिकटायचं आणि जागच्या जागी थरथरायचं. “द्रव!” म्हणाला की थोडं सैल व्हायचं, एकमेकांच्या बाजूने सरकत, न धडकता, पाणी जातं तसं वाट मिळेल तिकडे वाहायचं. आणि “वायू!” म्हटलं की जो जिकडे मोकळा तिकडे सुटायचं. वायूवर मोठ्या बाईंनी बंदी घातली होती, कारण पहिल्याच दिवशी एक बाक मोडला होता.

स्थायू झाला, द्रव झाला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि किंचित हसले.

मग त्याने हातमोजे घातले, पेटी उघडली आणि आतली लादी चिमट्याच्या मुठीने फोडली. सहा तुकडे झाले, साबणाच्या वडीएवढे. दोन तुकडे पाण्याच्या भांड्यात टाकले. भांड्यातून धुराचा लोट टेबलावरून खाली उतरला, फरशीवर पसरला, पहिल्या बाकावरच्यांच्या बुटांवरून गेला. एकोणचाळीस तोंडांतून एकच आवाज निघाला. मास्तरने तिसरा तुकडा ताटलीत ठेवला आणि त्याच्यावर स्टीलचा चमचा टेकवला. चमचा किंचाळला. खरंच किंचाळला, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा.

“सर, चमच्याला दुखतंय?” कोणीतरी विचारलं.

“चमच्याची ऊब खडा खातोय. खडा वायू होतोय, वायूला निघायचंय, चमचा वाटेत आहे. म्हणून थरथरतोय.”

“पाणी कुठाय सर?” वकील उभा राहिला. “बर्फ वितळला तर पाणी कुठाय? पुरावा दाखवा.”

सगळा वर्ग हसला. साहेबसुद्धा. मास्तरने ताटली उचलून दाखवली. कोरडी.

“पाणी नाहीच. मधली पायरी गाळून थेट वरच्या मजल्यावर. ह्याला म्हणतात संप्लवन.”

एकेका रांगेने मुलं टेबलापाशी आली, बघून गेली. मास्तर फळ्यावर तो शब्द लिहीत होता, त्याची पाठ वळलेली होती. फार तर मिनिटभर. साहेबांनी तोपर्यंत वहीचं एक पान उलटलं होतं. पान उलटलं म्हणजे एक पान भरलं. मास्तर इतका खूश होता की त्याचा ‘संप्लवन’वर अनुस्वार द्यायचाच राहिला, आणि वकिलाने तेही दाखवून दिलं.

मग काही वेळ प्रश्नोत्तरं झाली. चार-पाच मिनिटं असतील. मग पेटी बंद करायला म्हणून मास्तर वळला.

पेटीत दोन तुकडे होते.

त्याने मनात हिशेब केला. दोन भांड्यात, एक ताटलीत. सहातून तीन गेले, तीन उरले पाहिजेत. त्याने चिमट्याने कागद उचलून खाली बघितलं. टेबलाखाली बघितलं. दोनच.

“एक तुकडा कोणी घेतलाय?”

वर्ग चिडीचूप.

“मी काय विचारतोय? कोणी घेतला?”

आवाज चढला तसा वर्ग आणखी मिटला. गोगलगाय शंखात शिरावी तसं. मास्तरला हे ओळखीचं होतं. हा ओरडला की मुलं तोंडं शिवून घ्यायची. आणि नेमकं तेव्हाच त्याच्या डोळ्यांसमोर दात्याचं बोळकं आलं. बाटल्या. एकोणचाळीस बाटल्या, सगळ्या सारख्या, आणि झाकण घट्ट लावा, हवासुद्धा जाता कामा नये, हे ह्याच तोंडाने ह्याच वर्गात सांगितलेलं.

मागून साहेब म्हणाले, “काही अडचण?”

“नाही साहेब. तासाचाच भाग आहे.”

त्याने वर्गावरून नजर फिरवली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. रागावलेला असला तरी डोळा तेज होता त्याचा. अडतीस मुलं त्याच्याकडे बघत होती. एक बघत नव्हती. गोटी खाली बाकाकडे बघत होती आणि उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला होता, पोटात दुखतंय तसा. हात दुखत असणार. नुसत्या हाताने धरला असणार.

मास्तरला ओरडायचं होतं. त्याने ते गिळलं. कडू औषध गिळतात तसं. मग तो तिच्या बाकापाशी गेला आणि गुडघ्यावर बसला, म्हणजे दोघांची डोकी एका उंचीवर आली.

“किती तास टिकवायचा होता?” त्याने हळूच विचारलं.

गोटीने त्याच्याकडे बघितलं. हे तिच्या अंदाजात नव्हतं.

“सहा,” ती पुटपुटली.

“वकिलापेक्षा जास्त.”

तिने होकाराची मान हलवली.

“बाटलीत ठेवलास?”

“हो.”

“पाणी होतं आत?”

“नाही. खिडकीतून ओतून टाकलं.”

“झाकण?”

“घट्ट लावलंय सर. तुम्हीच सांगितलं होतं. वर टोपीपण घातली.” आणि मग, एकदम घाईने, “मी परत देणार होते!”

“मला माहितेय. दप्तर कुठलं तुझं?”

गोटीने काखेतला हात काढला. दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती. त्या बोटांनी तिने मागे दाखवलं. लाकडी मांडणीत, वरून दुसऱ्या ओळीत, शेवटचा खण. हिरवं दप्तर. साहेबांचं कोपर त्या खणापासून वीतभर लांब होतं.

घेऊन किती वेळ झाला? पाच मिनिटं. सात. अजून किती आहेत, कोणाला माहीत? मास्तर मनात म्हणाला, ओरडलास तर मुलं सैरावैरा पळतील, दारात चेंगरतील. आग म्हटलंस तर दप्तरं घ्यायला मागे धावतील, आग असली तरी ह्यांना डबा महत्त्वाचा. आणि दप्तरं तर तिथेच आहेत.

तो उठला. टाळी वाजवली.

“स्थायू!”

बाक सरकले, मुलं वर्गाच्या पुढच्या भागात येऊन एकमेकांना चिकटली, थरथरायला लागली. काही जण हसत होते. गोटी मधोमध होती.

“आता नवीन. मी दार उघडतो. तुम्ही द्रव. भांडं उलटं झालं. सगळं पाणी वाहत मैदानात, झेंड्याच्या खांबापर्यंत. दप्तर नाही, बाटली नाही. द्रवाच्या हातात काही नसतं. आवाज नाही, धक्का नाही. कोण धडकलं तर...” ‘तर कानाखाली काढीन’ हे त्याच्या जिभेवर आलं होतं. “...तर पुन्हा स्थायूपासून सुरुवात. द्रव!”

आणि वर्ग वाहायला लागला. सांगून खरं वाटणार नाही, पण एकोणचाळीस पोरं दारातून अशी गेली की चौकटीला कोणाचा खांदा लागला नाही. मास्तर मनात मोजत होता, पण मुलं नव्हे, सेकंद. मागे साहेब हसत होते आणि लिहीत होते. लिहीतच होते.

“वा,” साहेब म्हणाले. “मैदानाचाही वापर. कल्पक आहे.”

“साहेब, तुम्हीपण चला.”

“मी इथून बघतो की. खिडकीतून दिसतंय सगळं.”

“साहेब, तुम्हीपण द्रव आहात. उठा.”

“अहो...”

“उठा म्हणतो ना!” शेवटी सुटलंच तोंडातून. आणि हे म्हणताना त्याने साहेबांना दंडाला धरून खुर्चीतून अक्षरशः उपटलं. साहेबांचं एक पेन खाली पडलं. साहेब पेनासाठी वाकले. मास्तरने त्यांना वाकल्या अवस्थेतच दाराकडे ढकललं.

बाहेर व्हरांड्यात मोठ्या बाई धावत आल्या. “हे काय चाललंय? पाठ चालू असताना मुलं मैदानात? आणि साहेबांना तुम्ही...”

“दप्तरात बाटली आहे. फुटणार आहे. शेजारचा वर्ग रिकामा करा.”

“कसली बाटली?”

“बाई, नंतर!”

शेजारी पहिलीचा वर्ग. मधली भिंत म्हणजे प्लायवूड, त्या बाजूने बडबडगीत म्हटलं की ह्या बाजूला भागाकार चुकायचा. पहिलीच्या बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “आत्ता कुठे शांत बसवलीत मी सगळ्यांना! अर्धा तास घसा फोडलाय!”

मास्तरने वाद घातला नाही. तो त्यांच्या हाताखालून आत शिरला, प्लायवूडला टेकून बसलेल्या दोन पोरांना दोन काखांत उचललं आणि म्हणाला, “जो सगळ्यात आधी झेंड्याला हात लावेल तो आज घंटा वाजवणार!” पहिलीचा वर्ग सहा सेकंदात रिकामा झाला. हा द्रव नव्हता, हा सरळ सरळ वायू होता. पहिलीच्या बाईंची एक चप्पल व्हरांड्यातच राहिली.

मास्तर झेंड्यापासून वीस पावलांवर होता तेव्हा बाटली फुटली.

आवाज असा झाला की जणू शाळेने एकदाच, मनापासून, दार आपटलं. पाचवीच्या खिडकीच्या काचा बाहेर सांडल्या. कावळे उडाले. पहिलीची दोन पोरं रडायला लागली आणि बाकीची टाळ्या वाजवायला लागली.

धूळ बसल्यावर मास्तर आणि मोठ्या बाई आत डोकावले. मांडणी मधोमध दुभंगली होती. प्लायवूडमधून मुठीएवढं भोक आरपार गेलं होतं. बाटलीचा तळ निघून साहेबांच्या खुर्चीच्या पाठीत रुतला होता, आणि गोटीच्या हिरव्या दप्तराचा एक पट्टा पंख्याच्या पात्याला लटकत होता. साहेबही मागून आले. त्यांनी खुर्ची बघितली. मग ते बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि रुमालाने मान पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

“कोणाचं काम हे?” मोठ्या बाईंनी विचारलं.

मास्तर मांडणीचे तुकडे पायाने बाजूला सारायला लागला.

“दप्तर बघून कळेलच मला. उद्याच्या उद्या दाखला हातात देते.”

साहेब उठले. त्यांचा चेहरा अजून पांढरा होता, पण आवाज सावरला होता. “हे पाहा, मला पुढच्या शाळेत जायचंय, गाडी उभी आहे. पण हे असंच सोडता येणार नाही. काय घडलं ते तुमच्या हाताने लिहून द्या. आत्ता. माझ्या अहवालाला जोडतो. तुमची बाजू तुम्हीच मांडा, मी उद्या येणार नाही विचारायला. आणि खरं सांगू? तास मला आवडला होता.”

त्यांनी कागद दिला. उरलेलं एक पेन दिलं. मोठ्या बाई मास्तरच्या जवळ सरकल्या आणि आवाज खाली आणला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना फक्त शाळा सरळ रेषेत हवी होती.

“सूचना देऊनही विद्यार्थिनीने न विचारता पदार्थ उचलला, असं लिहा. नाव घाला. संपलं. तुम्ही प्रसंगावधान दाखवून सगळ्यांना बाहेर काढलंत, ते मी लिहिते. अहो, कायम व्हाल यातूनसुद्धा.”

मास्तरने कागद गुडघ्यावर ठेवला. सूचना दिली होती? आठवत होतं का काही? हातमोजे त्याने स्वतः घातले होते, पण हात लावू नका असं म्हणाला होता का? बहुतेक म्हणाला होता. बहुतेक नव्हता. त्याने लिहायला घेतलं: ‘आज रोजी पाचवीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने’.

पेन तिथे अडलं. त्याने मान वर केली, मैदानाकडे बघितलं आणि सवयीने ओरडला, “पाचवी! स्थायू!”

झेंड्यापाशी मुलं चिकटली. आता कोणी हसत नव्हतं. थरथरत मात्र खरंच होती. मास्तरने बसल्या जागेवरून डोकी मोजली. मग उभं राहून मोजली. मग पायरी उतरून, बोट दाखवत, एकेक करून.

अडतीस.

“गोटी कुठाय?”

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. वकील पुढे आला. पहिल्यांदाच त्याच्याकडे प्रश्न नव्हता.

“सर, ती पळाली. आवाज झाला ना, तेव्हाच. मागच्या फाटकातून. मी हाक मारली तर म्हणाली, सर आता माझी सालं काढतील, आणि बाबा घरात घेणार नाहीत.”

“घराकडे गेली?”

“नाही सर. तिचं घर ह्या बाजूला आहे. ती त्या बाजूला गेली.”

त्या बाजूला मोठा रस्ता होता. दिवसभर ट्रक धावायचे, एकामागून एक, आणि कोणी कोणासाठी ब्रेक मारायचा नाही. मागचं फाटक उघडंच होतं, वाऱ्याने हलत होतं.

“शिपायाला पाठवते मी,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुम्ही ते पूर्ण करा आधी.”

“शिपाईमामांना बघितलं की ती आणखी पळेल.”

“आणि तुम्हाला बघून काय थांबणार आहे? तुम्हालाच तर घाबरून पळालीये!”

हे खरं होतं. बाहेर साहेबांच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि हात पुढे केला.

“आटपा हो. दोन ओळी तर लिहायच्यात. सही करा आणि जा कुठे जायचंय तिकडे. हा कागद कोरा गेला तर मला काहीच करता येणार नाही तुमच्यासाठी, कळतंय ना?”

“कळतंय.”

मास्तरने लिहिलेली अर्धी ओळ खोडली. नुसती खोडली नाही, गिरवून गिरवून काळी केली, म्हणजे उजेडात धरली तरी ‘विद्यार्थिनी’ वाचता येऊ नये. मग पेन साहेबांच्या खिशाला परत लावलं.

“बर्फ मी आणला. तिचं नाव लिहू नका,” तो म्हणाला. “झाकण घट्ट लावा, हे माझं वाक्य आहे. तेवढं घाला वहीत.”

“अहो पण सही? जबाब अर्धवट राहिलाय तुमचा!”

“राहू दे, साहेब. मला आता निघायचंय.”